अभियांत्रिकी व्यवस्थापन शिक्षण (मुंबई–नवी मुंबई परिसर)

अभियांत्रिकी व्यवस्थापन शिक्षण म्हणजे यंत्रे, कच्चा माल, माणसे, वेळ आणि पैसा यांचा मेळ घालून काम तडीस कसे न्यावे, हे अभियंत्यांना शिकविणारी विद्यापीठीय शाखा होय. तिच्यात औद्योगिक अभियांत्रिकी, उत्पादन नियोजन, प्रकल्प व्यवस्थापन, गुणवत्ता नियंत्रण, औद्योगिक सुरक्षा, खर्चाचा हिशेब आणि कामगार संबंध या विषयांचा समावेश होतो. सर्वसाधारण व्यवस्थापन शिक्षणाहून ती वेगळी आहे. येथे शिकणाऱ्याला यंत्राची जाण आधीपासून असते किंवा असावी अशी अपेक्षा असते, आणि त्याचे निर्णय थेट यंत्राजवळ उभ्या असलेल्या माणसावर परिणाम करतात.

महाराष्ट्रात या शिक्षणाचे सर्वांत जुने व दाट जाळे मुंबई आणि ठाणे खाडीच्या पलीकडील नवी मुंबईत आढळते. पवई येथील राष्ट्रीय संस्था, मुंबई विद्यापीठ व त्याच्याशी संलग्न महाविद्यालये, बेलापूर येथील व्यावसायिक संस्था आणि महापे, रबाळे, पावणे, तुर्भे येथील कारखाने ही या जाळ्याची प्रमुख केंद्रे आहेत.

पार्श्वभूमी

अभियंत्याने केवळ यंत्र उभारून थांबू नये, त्याच्या अर्थकारणाचाही विचार करावा, हा मुद्दा हेन्री टाऊन या अमेरिकन अभियंत्याने १८८६ मध्ये यांत्रिक अभियंत्यांच्या संघटनेपुढे वाचलेल्या निबंधात मांडला. त्यानंतर फ्रेडरिक टेलर याचे शास्त्रीय व्यवस्थापनाची तत्त्वे सांगणारे पुस्तक १९११ मध्ये प्रसिद्ध झाले. फ्रान्समध्ये आंरी फेयॉल या खाण अभियंत्याने १९१६ मध्ये प्रशासनाची तत्त्वे मांडली. व्यवस्थापनशास्त्राच्या या आरंभीच्या प्रवर्तकांपैकी बरेच जण अभियंते होते, ही गोष्ट आजच्या व्यवस्थापन संस्थांत अनेकदा विसरली जाते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत १९१४ मध्ये अभियांत्रिकी प्रशासनाचा अभ्यासक्रम सुरू झाला व पुढे त्यातूनच तेथील स्लोन व्यवस्थापन विद्यालय उभे राहिले. 'अभियांत्रिकी व्यवस्थापन' या नावाचा स्वतंत्र विद्यापीठीय विभाग १९६७ मध्ये अमेरिकेतील मिसुरी राज्यात रोला येथे स्थापन झाला.

मराठी मुलखातही अध्यापक आणि कारखानदार यांचे नाते जुने आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये अध्यापक होते. ती नोकरी सोडून ते उद्योगाकडे वळले आणि १९१० मध्ये त्यांनी किर्लोस्करवाडी वसविली. त्यांचे पुत्र शंतनुराव यांनी यांत्रिक अभियांत्रिकीचे शिक्षण मॅसॅच्युसेट्समधील वर उल्लेखिलेल्या संस्थेत घेतले. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या त्या मुंबईतील शिक्षणसंस्थेचे नाव आता वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्था असे असून तेथे प्रकल्प व्यवस्थापनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतो.

मुंबईतील कामगारांचा या शास्त्राशी पहिला परिचय मात्र वर्गातून झाला नाही. १९२० च्या दशकात कापडगिरण्यांच्या मालकांनी 'रॅशनलायझेशन' या नावाखाली विणकराकडे दोनऐवजी तीन माग आणि कताई कामगाराकडे यंत्राच्या एका बाजूऐवजी दोन बाजू देण्याचे धोरण अवलंबिले. यातून माणसे कमी होणार हे उघड होते. १९२८ मधील सार्वत्रिक संपामागे हे एक प्रमुख कारण होते. हा संप सुमारे सहा महिने चालला आणि त्याच वर्षी गिरणी कामगार युनियनची स्थापना झाली. घड्याळ घेऊन शेजारी उभ्या राहणाऱ्या साहेबाविषयी मुंबईच्या कामगाराच्या मनात जो संशय दीर्घकाळ टिकून राहिला, त्याचे मूळ येथे आहे. टेलरचा धडा गिरणगावाच्या या इतिहासाशिवाय शिकविला, तर तो निम्माच शिकविल्यासारखे होते. पाठ्यपुस्तकांत मात्र तो बहुधा अमेरिकेतील पोलाद कारखान्यापाशीच संपतो.

संस्थात्मक विकास

स्वातंत्र्यानंतर आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या तज्ज्ञांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी भारतातील कापड व अभियांत्रिकी उद्योगांत कार्य अभ्यासाचे प्रयोग केले. १९५७ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूशन ऑफ इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग ही व्यावसायिक संस्था आणि १९५८ मध्ये राष्ट्रीय उत्पादकता परिषद स्थापन झाली. पहिल्या संस्थेचे मुख्यालय आज नवी मुंबईत बेलापूर येथे आहे. नोकरी करता करता औद्योगिक अभियांत्रिकीची पात्रता मिळवू इच्छिणाऱ्यांसाठी ही संस्था परीक्षा घेत आली आहे. पदविका घेऊन कारखान्यात लागलेल्या अनेक पर्यवेक्षकांना पुढे जाण्यासाठी या परीक्षांचा मार्ग उपयोगी पडला.

भारत सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने व आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेमार्फत १९६३ मध्ये मुंबईत विहार तलावाजवळ औद्योगिक अभियांत्रिकीची राष्ट्रीय प्रशिक्षण संस्था स्थापन केली. 'नीटी' या संक्षिप्त नावाने ती ओळखली गेली. आरंभी तिचा भर कारखान्यांतून पाठविलेल्या अभियंत्यांना व पर्यवेक्षकांना अल्प मुदतीचे प्रशिक्षण देण्यावर होता. पुढे तेथे औद्योगिक अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदविका सुरू झाली व तिला अभियांत्रिकी पदवीधरांनाच प्रवेश मिळत असे. औद्योगिक व्यवस्थापन, औद्योगिक सुरक्षा व पर्यावरण व्यवस्थापन, प्रकल्प व्यवस्थापन या पदविका कालांतराने जोडल्या गेल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेने केलेल्या कायदादुरुस्तीने या संस्थेचे रूपांतर भारतीय व्यवस्थापन संस्था, मुंबई असे झाले. या बदलाने संस्थेची प्रतिष्ठा व पदवी देण्याचा अधिकार वाढला. मात्र नावातून 'औद्योगिक अभियांत्रिकी' हे शब्द गेले आणि केवळ अभियंत्यांची अशी तिची जी ओळख होती ती पुसट होणे अपरिहार्य झाले. परिचालन व पुरवठा साखळी या विषयाची स्वतंत्र पदवी तेथे चालू आहे, हाच जुन्या परंपरेचा मुख्य धागा आहे.

मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्था १९६५ मध्ये, तर भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई येथील शैलेश मेहता व्यवस्थापन विद्यालय १९९५ मध्ये स्थापन झाले. बजाज संस्थेचे तीन वर्षांचे अर्धवेळ अभ्यासक्रम नोकरदारांसाठी असून त्यांत कारखान्यांतील व माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील अभियंते शिकत आले आहेत. बांधकाम क्षेत्रासाठी पुण्यात १९८० च्या दशकात उभी राहिलेली आणि आता विद्यापीठाचा दर्जा असलेली निकमार ही संस्था याच कुळातील आहे.

महापे आणि ठाणे-बेलापूर पट्टा

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी झाली. ठाणे ते बेलापूर मार्गालगतचे ट्रान्स ठाणे क्रीक अर्थात टीटीसी औद्योगिक क्षेत्र हे महामंडळाच्या जुन्या क्षेत्रांपैकी एक असून महापे हे त्यातील महत्त्वाचे ठाणे आहे. शिळफाट्याकडे जाणारा रस्ता येथूनच फुटतो. १९६० च्या दशकापासून या पट्ट्यात खनिज तेलावर आधारित रसायने, औषधे, रंग, खते व अभियांत्रिकी वस्तूंचे कारखाने उभे राहिले. नॅशनल ऑरगॅनिक केमिकल इंडस्ट्रीज म्हणजेच नोसिल हे त्यांतील ठळक नाव होय. १९९० च्या दशकापासून चित्र पालटू लागले. काही मोठे रासायनिक कारखाने बंद पडले वा अन्यत्र गेले आणि महापे येथे मिलेनियम बिझनेस पार्कसारखी माहिती तंत्रज्ञानाची संकुले आली. आज त्याच परिसरात एका गल्लीत रसायनांची पिंपे चढविली जातात, तर पुढच्या चौकात संगणकप्रणालीचे प्रकल्प परदेशी ग्राहकांसाठी तयार होतात.

अध्यापनाच्या दृष्टीने हे शेजार फार मोलाचे आहे. रसायन संयंत्रातील अखंड प्रक्रिया, लहान कारखान्यातील तुकड्या-तुकड्यांचे उत्पादन आणि संगणकप्रणालीचे केवळ मनुष्यबळावर चालणारे काम, हे व्यवस्थापनाचे तीन भिन्न प्रश्न काही किलोमीटरच्या आत पाहावयास मिळतात. वाशीतील फादर कॉन्सेसाव रॉड्रिग्ज तंत्रज्ञान संस्था, कोपरखैरणे येथील लोकमान्य टिळक अभियांत्रिकी महाविद्यालय, ऐरोलीचे दत्ता मेघे अभियांत्रिकी महाविद्यालय आणि नेरुळची रामराव आदिक तंत्रज्ञान संस्था या सर्व शिक्षणसंस्था याच पट्ट्यात किंवा त्याच्या कडेला आहेत. असे असूनही कारखाना आणि वर्ग यांच्यातील ये-जा बहुधा वर्षातून एखाद्या औद्योगिक भेटीपुरती राहते. चाळीस-पन्नास विद्यार्थ्यांचा जथा हेल्मेट घालून तासाभरात संयंत्रातून फिरवून आणला, की त्यांना यंत्रे दिसतात, पण व्यवस्थापन दिसत नाही. व्यवस्थापन पाहायचे तर पाळी बदलण्याच्या वेळी सुपरवायझरच्या टेबलाशी थांबावे लागते.

अभ्यासक्रम

मुंबई विद्यापीठाच्या यांत्रिक अभियांत्रिकी पदवीत 'औद्योगिक अभियांत्रिकी व व्यवस्थापन' हा विषय अंतिम वर्षात शिकविला जात आला आहे. २०१६-१७ पासून लागू झालेल्या श्रेयांकाधारित आराखड्यात सर्व शाखांच्या अंतिम वर्षाला संस्थास्तरीय वैकल्पिक विषय ठेवण्यात आले. त्यांत प्रकल्प व्यवस्थापन, वित्त व्यवस्थापन, मनुष्यबळ व्यवस्थापन, उद्योजकता विकास, संक्रियात्मक संशोधन, विश्वसनीयता अभियांत्रिकी, ऊर्जा लेखापरीक्षण, आपत्ती व्यवस्थापन, व्यावसायिक नीती इत्यादींचा समावेश होता. प्रत्येक विषयाला ३ श्रेयांक आणि १०० गुण, त्यांपैकी ८० लेखी परीक्षेला व २० अंतर्गत मूल्यमापनाला, अशी विभागणी होती.

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१८ च्या नमुना अभ्यासक्रमात चार वर्षांच्या एकूण १६० श्रेयांकांपैकी १२ श्रेयांक मानव्यविद्या, सामाजिक शास्त्रे व व्यवस्थापन यांना एकत्रितपणे दिले होते. एवढ्या जागेत भाषा, अर्थशास्त्र व व्यवस्थापन यांनी दाटीवाटीने बसावे अशी ही योजना आहे. विषय शेवटच्या सत्रात येतो, तोवर विद्यार्थी नोकरीच्या मुलाखती आणि अंतिम प्रकल्प यांत गुंतलेला असतो. 'वाचून पास होण्याचा विषय' ही त्याची महाविद्यालयांतील ओळख या वेळापत्रकातून निर्माण झाली आहे. लेखी परीक्षेत मॅस्लोची गरजांची उतरंड काढून दाखविणे सोपे असते. रात्रपाळीत न आलेल्या ऑपरेटरच्या जागी कोणाला उभे करावे, हे ८० गुणांच्या प्रश्नपत्रिकेत विचारता येत नाही.

अध्यापनपद्धती

व्याख्यान, उदाहरणे सोडविणे, प्रकरण अभ्यास, प्रत्यक्ष कारखान्यातील प्रकल्प आणि भूमिका वठविणे या पद्धती वापरल्या जातात. त्यांपैकी दोन विषयांची अध्यापनातील मांडणी येथे थोडी विस्ताराने दिली आहे.

कार्य अभ्यासात प्रमाणवेळ काढण्याची रीत प्रथम शिकविली जाते. एखाद्या जुळणीच्या कामाला निरीक्षणात सरासरी ४ मिनिटे लागली, काम करणाऱ्याचा वेग प्रमाणाच्या ११० टक्के ठरविला, तर सामान्य वेळ ४.४ मिनिटे होते. थकवा व वैयक्तिक गरजांसाठी १५ टक्के सवलत धरली, की प्रमाणवेळ ५.०६ मिनिटे येते. गणित शाळकरी आहे. अडचण '११० टक्के' या आकड्यात आहे, कारण तो घड्याळातून निघत नाही, निरीक्षकाच्या नजरेतून निघतो. त्या आकड्यावर कामगाराचा दिवसाचा कोटा आणि प्रोत्साहन भत्ता ठरतो. म्हणून चांगले अध्यापक एकच चित्रफीत वर्गातील सर्वांना दाखवून प्रत्येकाकडून वेगाचे मूल्यांकन लिहून घेतात. उत्तरांतील तफावत फळ्यावर मांडली, की नुसत्या व्याख्येतून न समजणारी गोष्ट विद्यार्थ्यांच्या ध्यानी येते.

प्रकल्प व्यवस्थापनात निर्णायक मार्गाची पद्धत शिकविली जाते. ही पद्धत १९५० च्या दशकाच्या अखेरीस ड्यूपाँट या अमेरिकन रसायन कंपनीत विकसित झाली, त्यामुळे रसायन पट्ट्यातील उदाहरण तिला स्वाभाविकच शोभते. समजा, एका संयंत्राचे वार्षिक शटडाऊन आखायचे आहे. रिअॅक्टर रिकामा करून धुणे व त्याला जोडलेल्या वाहिन्या बंद करणे यास २ दिवस, आत हवा खेळवून वायुचाचणी घेणे व प्रवेशाचे परमिट काढणे यास १ दिवस, आतील तपासणी व डागडुजीस ३ दिवस, पुन्हा जोडणीस २ दिवस आणि चाचणीस १ दिवस लागतो. वाहिन्या बंद झाल्यावर पंपाची दुरुस्ती समांतर चालू शकते व तिला ३ दिवस लागतात. पहिला मार्ग ९ दिवसांचा आणि पंपाचा मार्ग ८ दिवसांचा होतो. म्हणजे शटडाऊन ९ दिवसांचे असून पंपाच्या कामाला १ दिवसाची सवड आहे.

आता व्यवस्थापनाने ८ दिवसांत काम संपवा असे सांगितले, तर काय करावे? तपासणीच्या कामावर जादा फिटर लावून ३ चे २ दिवस करता येतील. मग दोन्ही मार्ग ८ दिवसांचे व दोन्ही निर्णायक होतात आणि पंपाच्या कामाची सवड संपते. दुसरा पर्याय कागदावर अधिक स्वस्त दिसतो, तो म्हणजे वायुचाचणी व परमिटचा दिवस गाळणे. त्याला जादा माणूस लागत नाही. वर्गातील एखादा हुशार विद्यार्थी हमखास तेच उत्तर देतो आणि बेरीज बरोबर असल्याने आपले उत्तर चूक कसे, असे विचारतो. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३६ नुसार, घातक वायू असण्याची शक्यता असलेल्या टाकीत किंवा बंदिस्त जागेत, ती सुरक्षित असल्याचे सक्षम व्यक्तीचे लेखी प्रमाणपत्र मिळाल्याखेरीज कोणालाही साध्या कपड्यांनिशी उतरविता येत नसे. त्यासाठी विहित श्वसनयंत्र व दोर-पट्टा आवश्यक ठरत असे. त्या कामाला किती वेळ लागेल हे तक्ता ठरवीत नाही, वायुमापकाचा आकडा ठरवितो. बंदिस्त टाकीत उतरलेला पहिला कामगार कोसळतो आणि त्याला काढण्यासाठी उतरलेला दुसराही दगावतो, अशा घटना रसायन व सांडपाणी या दोन्ही क्षेत्रांत वारंवार घडत आल्या आहेत. अभियांत्रिकीचे ज्ञान आणि व्यवस्थापनाचे गणित एकत्र का शिकवावे, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण क्वचितच मिळेल.

प्रकरण अभ्यासासाठी मुंबईच्या डबेवाल्यांचे उदाहरण देशापरदेशांत वापरले जाते. हार्वर्ड बिझनेस स्कूलनेही त्यावर प्रकरण तयार केले आहे. मात्र डबेवाल्यांना 'सिक्स सिग्मा' प्रमाणपत्र मिळाल्याचे जे सर्रास सांगितले जाते, ते मासिकातील एका लेखाच्या आधारे पसरलेले आहे, रीतसर मानांकन नव्हे. अध्यापनात ते पुरावा म्हणून देऊ नये. पवईच्या संस्थेतील 'मंडी' हा उपक्रमही प्रसिद्ध आहे. त्यात विद्यार्थी मुंबईच्या रस्त्यांवर उभे राहून शैक्षणिक खेळणी विकतात. पदव्युत्तर विद्यार्थ्याने पदपथावर घासाघीस करणे काहींना पोरकट वाटते. नकार ऐकण्याची सवय मात्र अन्य कोणत्याही तासाला लागत नाही.

सुरक्षा व्यवस्थापन

भोपाळ येथील १९८४ च्या वायुगळतीनंतर कारखाने अधिनियमात १९८७ मध्ये दुरुस्ती होऊन धोकादायक प्रक्रियांविषयी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. सुरक्षा अधिकारी नेमण्याची तरतूद कलम ४०-ब अन्वये त्याआधीच आली होती. १,००० किंवा अधिक कामगार असलेल्या, तसेच राज्य शासन धोकादायक ठरवील अशा कारखान्यांना ती लागू होती. पुढे २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत हे विषय एकत्रित करण्यात आले. या तरतुदींमुळे औद्योगिक सुरक्षेच्या पदविकाधारकांना मागणी निर्माण झाली. शीव येथील केंद्रीय श्रम संस्थेत असे शिक्षण दिले जाते. ४ मार्च १९६६ रोजी स्थापन झालेल्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचे मुख्यालय बेलापूर येथे असून तिचा स्थापनादिन राष्ट्रीय सुरक्षा दिन म्हणून पाळला जातो. महापे-रबाळे पट्ट्यातील कारखान्यांना ही सोय हाकेच्या अंतरावर आहे. अभियांत्रिकीच्या पदवी अभ्यासक्रमात मात्र सुरक्षा हा बहुधा एखाद्या घटकाचा उपविभाग असतो.

अध्यापकांचा प्रश्न

हा विषय शिकविणारा अध्यापक सहसा यांत्रिक किंवा उत्पादन अभियांत्रिकी विभागाचा असतो. पदव्युत्तर पदवी मिळताच अध्यापनात आलेल्या तरुणाला कारखान्याचा अनुभव नसतो, आणि वीस वर्षे कारखान्यात काढलेल्या अभियंत्याजवळ प्राध्यापकपदासाठी लागणारी पीएच.डी. व शोधनिबंध नसतात. यावर उपाय म्हणून अभ्यागत व्याख्याते बोलाविले जातात. त्यांची व्याख्याने रंगतात, पण परीक्षा, प्रकल्पाचे मार्गदर्शन व विद्यार्थ्यांची चौकशी यांची जबाबदारी त्यांच्यावर नसते. ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशनसारखी उद्योजकांची संघटना जवळच असल्याने अध्यापकांना काही आठवडे कारखान्यात बसविण्याची व्यवस्था या परिसरात तुलनेने सोपी आहे. विद्यार्थ्यांच्या प्रशिक्षणाइकेच अध्यापकांच्या प्रशिक्षणाला महत्त्व मिळाले, तर जुन्या अहवालांची पाने बदलून सादर होणारे 'औद्योगिक प्रकल्प' अध्यापकाच्या नजरेतून सुटणार नाहीत.

भाषा व परिभाषा

पाठ्यपुस्तके व परीक्षा इंग्रजीत, तर कारखान्यातील व्यवहार मराठी व हिंदीत, अशी या क्षेत्राची स्थिती आहे. महाराष्ट्र शासनाचे भाषा संचालनालय १९६० मध्ये स्थापन झाले व त्याने विविध शास्त्रांचे परिभाषा कोश प्रसिद्ध केले. उत्पादकता, कार्य अभ्यास, प्रमाणवेळ, गुणवत्ता नियंत्रण हे शब्द चांगले रुळले आहेत. याउलट शिफ्ट, शटडाऊन, परमिट, ले-आउट, सुपरवायझर हे शब्द कामगारांनी केव्हाच मराठी करून टाकले असून त्यांच्या जागी संस्कृतप्रचुर प्रतिशब्द बसविण्याचा अट्टहास व्यर्थ आहे. २०२१-२२ पासून तंत्रशिक्षण परिषदेने प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी पदवी शिकविण्यास मान्यता दिली आणि पिंपरी चिंचवड अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकीचा वर्ग मराठीतून सुरू झाला. व्यवस्थापनाच्या विषयांना हा प्रयोग अधिक मानवण्याजोगा आहे. सुरक्षेची सूचना, पाळीच्या नोंदवहीतील शेरा आणि तक्रार निवारणाची बैठक हा या शास्त्राचा प्रत्यक्ष व्यवहार असून तो मराठीतच चालतो. पदवीधर अभियंत्याला परमिटवरील अटी कंत्राटी कामगाराला त्याच्या भाषेत नेमक्या सांगता येतात की नाही, याची परीक्षा आजतरी त्याच्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यातच होते.